ट्रोमन्स शिकवायला शिकतो

हूबर्ट ट्रोमन्सनं एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात कुणाला "छान" म्हटलं नव्हतं. कामाला नाही, माणसाला नाही आणि बायकोच्या हातच्या वाटाण्यांना तर नाहीच नाही. फार झालं तर म्हणायचा, "चालेल." एवढं एक "चालेल" कानावर पडावं म्हणून इंग्लंडातल्या क्रॅडली हीथमधली धट्टीकट्टी पोरं चार-चार महिने लोखंड पकडायच्या व्हाइसपाशी उभी राहून बोटांची सालपटं काढून घेत. आणि ते ऐकायला मिळालं की संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगत, पहिला पगार झाल्यासारखं.

ब्लूमर आणि टिबेट्सचं वर्कशॉप कालव्याच्या काठाला. पुढं रस्ता, मागं पाणी. चाळीस माणसं, त्यात टूलरूममध्ये सहा. बादल्यांचे कान, दारांच्या बिजागऱ्या असलं काहीबाही पाडायचे डाय, म्हणजे पोलादी साचे, तिथं बनत. ट्रोमन्स त्या टूलरूमचा फोरमन. उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीखाली त्याचा बाक होता. त्यावर दोन व्हाइस, एक त्याचा आणि एक त्या वर्षीच्या उमेदवाराचा. दर सप्टेंबरात एक पोरगा यायचा. चौतीस वर्षं हे चाललं होतं, मधली मंदीची आणि लढाईची वर्षं सोडून.

शिकवण्याची रीत अशी, की मुळात शिकवायचंच नाही. पोराच्या हातात एक पोलादाचा ओबडधोबड तुकडा द्यायचा, एक कानस द्यायची आणि चौकोनी भोक पाडलेली एक पट्टी द्यायची. इंचभर ठोकळा घासायचा. तो त्या भोकातून सहाही बाजूंनी, कसाही फिरवला तरी, नुसत्या बोटानं ढकलून जायला हवा आणि खिडकीसमोर धरला तर फटीतून उजेड दिसता कामा नये. उजेड दिसला की ट्रोमन्स एक अक्षर न बोलता ठोकळा भंगाराच्या डब्यात टाकायचा.

"काय चुकलं, मिस्टर ट्रोमन्स?" पोरगा विचारायचा.

"बघ."

संपलं. हे एवढंच शिक्षण. बघ म्हणजे कुठं बघ, काय बघ? ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

आणि एक दिवस ठोकळा जमला, "चालेल" झालं, की ट्रोमन्स मागचं दार उघडायचा आणि पोराला सांगायचा, "टाक कालव्यात." पोरगा आधी हसायचा. मग बघायचा, की म्हातारा हसत नाहीये. चार महिन्यांची मेहनत, पण टाकावीच लागे. "पहिला जमतो तो नशिबानं," ट्रोमन्स म्हणायचा. "त्याच्याकडं बघत बसलास तर दुसरा जमायचा नाही. सोमवारी दुसऱ्याला लाग." एकवीस पोरांचे एकवीस ठोकळे त्या काळ्या पाण्यात पडले होते. शेजारचा लेथवाला एझ्रा फेलोज म्हणायचा, "कालवा आटला तर हूबर्ट नगरपालिकेला त्या ठोकळ्यांचा पूल बांधून देईल."

आता ही एकवीस पोरं तयार झाली आणि गेली कुठं? ब्लूमरकडं राहिली चार. बाकीची बर्मिंगहॅमकडच्या मोठमोठ्या मोटार कारखान्यांनी उचलली. ते स्वतः कुणाला शिकवत नसत. शिकवायची गरजच काय? ट्रोमन्सनं घासूनपुसून तयार केलेला माणूस आठवड्याला पौंडभर जास्त देऊन उचलता येतो की! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. सगळ्या छोट्या वर्कशॉपांचं हेच रडगाणं होतं, आणि आश्चर्य म्हणजे ते सरकारच्या कानावर गेलं. कायदा झाला. कारखाना मोठा असो की छोटा, शंभर पौंड पगार वाटला की त्यावर अडीच पौंड पट्टी प्रशिक्षण मंडळाकडं भरायची. जो शिकवील त्याला अनुदान परत, जो शिकवणार नाही त्याची पट्टी गेली. आमच्याकडं जशी घरपट्टी, पाणीपट्टी, तशी ही शिकवणपट्टी.

सिरिल ब्लूमर, म्हणजे मालक, वर्तमानपत्र घेऊन स्वतः टूलरूममध्ये आला. "हूबर्ट, हा कायदा तुझ्याकडं बघून केलाय बघ! आपल्याला भरलेलं तर मिळेलच, वर व्याजही मिळेल."

"चालेल," ट्रोमन्स म्हणाला. ब्लूमर इतका खूश झाला, की त्यानं एझ्राला सिगारेट दिली.

फेब्रुवारीत मंडळाचा माणूस तपासायला आला. राखाडी सूट, कातडी बॅग, वय एकतीस-बत्तीस. ट्रोमन्सनं कानस खाली ठेवली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"ट्रेव्हर विलेट्स."

"नमस्कार, मिस्टर ट्रोमन्स."

एझ्रानं लेथ बंद केलं. असल्या गोष्टी त्याला नीट ऐकायच्या असत. कारण ट्रेव्हर विलेट्स हा ट्रोमन्सचा जुना उमेदवार, त्या एकवीसांत न धरलेला, आणि ज्याचा ठोकळा कधीच कालव्यात पडला नाही असा एकमेव. तीन वर्षं पोरानं कानस चालवली आणि तीन वर्षांत एक बाजू सपाट झाली नाही. मधे फुगायची, कडांना पडायची, भट्टीतल्या पावासारखी. शेवटी ट्रोमन्सनं त्याला सांगितलं होतं, "पोरा, तुझे हात पेन धरायला केलेत. जा." पोरगा गेला, संध्याकाळच्या वर्गांना बसला, परीक्षा दिल्या. आणि आता पेन घेऊनच परत आला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ट्रेव्हरनं मात्र मागचं काही काढलं नाही. त्यानं बाकावर कागद मांडले. "आजवर किती उमेदवार शिकवले?"

"एकवीस. तुला धरून बावीस, पण तुला धरत नाही."

एझ्रा खोकला.

"कुठल्या आठवड्यात काय शिकवलं, याची नोंद?"

"नोंद कशाला? मला माहितेय."

"त्यांनी केलेलं काम दाखवता येईल? नमुने?"

ट्रोमन्सनं अंगठा मागच्या दाराकडं केला. "कालव्यात आहेत. एकवीसच्या एकवीस. तुला माहितेय की!"

"मला माहितेय, मिस्टर ट्रोमन्स," ट्रेव्हर म्हणाला, आणि खरंच त्याचा चेहरा पडला होता. "पण मला जे माहितेय त्याला या फॉर्ममध्ये रकाना नाहीये. तुम्हाला स्वतःला शिकवण्याचं प्रशिक्षण कुठं मिळालं?"

"शिकवण्याचं?" ट्रोमन्सला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे शिकवायला कुणी शिकवलं?"

"हो."

"आणि त्याला कुणी शिकवलं?"

फॉर्मवर ट्रेव्हरनं लिहिलं: प्रशिक्षण दिल्याचा पुरावा नाही. चौतीस वर्षांचा हिशेब एका ओळीत आटोपला. गंमत म्हणजे ज्या मोटार कारखान्यांनी ट्रोमन्सची पोरं पळवली, त्यांनी वर्षभरात रंगरंगोटी केलेलं प्रशिक्षण केंद्र उभं केलं होतं, पांढऱ्या डगल्यातले शिक्षक नेमले होते आणि पट्टीच्या दुप्पट अनुदान उचललं होतं. ते शिक्षक कोण? त्यातले तिघं ट्रोमन्सकडचेच. आता बोला!

ब्लूमरनं ट्रोमन्सला वर बोलावलं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला आकडे बघितले की घाम यायचा. "हूबर्ट, भरायचं आपण आणि मिळायचं त्यांना, हे मला झेपणार नाही. विलेट्स म्हणतो एकच वाट आहे. मे महिन्यात डडलीला दोन आठवड्यांचा वर्ग आहे, प्रशिक्षकांचा. तू सर्टिफिकेट आणलंस तर सप्टेंबरात पोरगा येईल. नाहीतर यापुढं उमेदवार घ्यायचे बंद. बाकही काढून टाकू, तिथं एखादं मशीन तरी बसेल."

ट्रोमन्सच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. चार वर्षं म्हणजे चार पोरं. बाकी त्याला काही नको होतं. पगारवाढ त्यानं कधी मागितली नव्हती आणि त्याला मूलबाळही नव्हतं. सप्टेंबर आला की दुसऱ्या व्हाइसपाशी कुणीतरी उभं असतं, एवढ्यावर त्याचं वर्ष चालायचं. त्यानं टोपी घातली आणि म्हणाला, "जातो डडलीला."

"पी हळद आणि हो गोरी," घरी लीआ म्हणाली. लीआ म्हणजे त्याची बायको. हिनं तेराव्या वर्षापासून परसातल्या भट्टीवर साखळ्यांच्या कड्या ठोकल्या होत्या. दंड अजून ट्रोमन्सपेक्षा जाड. "चौतीस वर्षांत नाही आलं ते दोन आठवड्यांत येणार होय तुला?"

"काय नाही आलं?"

"बोलणं," लीआ म्हणाली आणि त्याच्या ताटात वाटाणे वाढले.

वर्गात बारा जण होते. सगळे पन्नाशीच्या पुढचे फोरमन, शाळकरी पोरांच्या बाकड्यांत गुडघे मोडून बसलेले. फळ्यापुढं ट्रेव्हर विलेट्स. त्यानं चार पायऱ्या लिहिल्या: शिकणाऱ्याला तयार करा, काम करून दाखवा आणि सांगा, त्याच्याकडून करवून घ्या, चांगलं केलं तर शाबासकी द्या. बारा फोरमननी "शाबासकी" हा शब्द वहीत उतरवून घेतला, एखाद्या औषधाचं नाव उतरवावं तसा.

पहिला प्रयोग विजेच्या तारेच्या गाठीचा होता. एकानं दुसऱ्याला गाठ शिकवायची. ट्रोमन्सच्या वाट्याला नेदरटनचा एक ओतारी आला. ट्रोमन्सनं गाठ एकदा मारून दाखवली, सोडली, तार त्याच्या हातात दिली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. ओतारी चुकला. ट्रोमन्सनं तार काढून घेऊन टोपलीत टाकली आणि दुसरी दिली.

"काय चुकलं?" ओताऱ्यानं विचारलं.

"बघ."

"अरे काय बघ? बघतोयच की मगापासून!" ओतारी ट्रोमन्सपेक्षा दोन वर्षांनी मोठा होता आणि घाबरणाऱ्यांतला नव्हता. "तुझं तोंड काय भाड्यानं दिलंय का?"

वर्ग खदखदून हसला. ट्रेव्हरनं ट्रोमन्सच्या कागदावर लिहिलं: सांगत नाही, विचारत नाही, शाबासकी नाही. खाली बारीक अक्षरात: शेवटच्या दिवशी पुन्हा परीक्षा. त्यात नापास तर सर्टिफिकेट नाही.

त्या रात्री जेवताना ट्रोमन्सनं घास गिळला, घसा साफ केला आणि म्हणाला, "लीआ, वाटाणे छान झालेत."

लीआनं चमचा खाली ठेवला. उठून त्याच्या कपाळाला हात लावला. "काय होतंय तुला? डॉक्टरांकडं गेला होतास का? खरं सांग, काय म्हणाले?"

"काही नाही गं. सराव करतोय."

"माझ्यावर? एकोणचाळीस वर्षं वाट बघितली, आणि आता हा म्हणे सराव!" तिला हसू आलं आणि तिचे डोळेही भरले, आणि ते त्यानं बघू नये म्हणून ती उगाचच किटली ठेवायला गेली. पण त्यानं बघितलं. त्याला फार ओशाळल्यासारखं झालं. वाटाणे खरंच छान असायचे, पहिल्यापासून.

शेवटच्या परीक्षेसाठी प्रत्येकानं आपलंच एक काम निवडून ते कागदावर फोडून लिहायचं होतं, एकेक पायरी, आणि त्यातली मेख कशात आहे ते. ट्रोमन्सनं कानस निवडली. रविवारी दुपारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. "एक: घासा," असं लिहिलं. तासाभरानं लीआनं डोकावून पाहिलं तर कागदावर तेवढंच.

"ऊठ," ती म्हणाली. तिनं त्याच्या हातात पावाची सुरी दिली. "ही कानस. टेबलाची कड हा तुझा तुकडा. घास, आणि हात काय करतायत ते मला सांग. मला काही कळत नाही असं समज."

तो हवेत सुरी चालवू लागला. लीआ वकिलासारखी प्रश्न विचारत होती. डावा हात कुठं? जोर कशावर? आता? आणि आता? विसाव्या खेपेला ट्रोमन्स मधेच थांबला.

"अगं, जोर सरकतो!"

"म्हणजे?"

"सुरुवातीला डाव्या हातावर जास्त. मधे दोन्हींवर सारखा. शेवटी उजव्यावर. नाही सरकवला तर कानस टोकाकडं झुलते आणि कडा पडतात." तो स्वतःच्या हातांकडं बघत राहिला. हे हातांना चाळीस वर्षं ठाऊक होतं. त्यांनी कधी त्याला सांगितलं नव्हतं.

"लिही," लीआ म्हणाली.

शुक्रवारी परीक्षा. नियम असा, की ज्याला ते काम येत नाही त्यालाच शिकवायचं. पण वर्गातले सगळे फोरमन जन्मभर कानस चालवलेले. न येणारा माणूस आणायचा कुठून? बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ बघायला लागले.

"मला येत नाही," ट्रेव्हर विलेट्स म्हणाला. त्यानं कोट काढून खुर्चीला लावला आणि व्हाइसपाशी उभा राहिला.

ट्रोमन्सनं खिशातला कागद काढला, पण त्याकडं बघितलं नाही. तो बोलू लागला. आधी अडखळत, मग नीट. पाय असे. कोपर असं. आता डाव्या हातावर जोर, सरकव, सरकव, आता उजव्यावर. हळू. तुकड्याकडं नको बघू, हातात काय वाटतं ते मला सांग. ट्रेव्हर सांगत गेला, ट्रोमन्स विचारत गेला. चाळीस मिनिटांनी ट्रोमन्सनं तुकडा उचलून त्यावर गुण्या ठेवला आणि खिडकीसमोर धरला.

उजेड नव्हता. बोटभर लांबीची बाजू, पण सपाट.

"छान," ट्रोमन्स म्हणाला. ते सरावातलं नव्हतं.

परीक्षक लिहीत होते. ट्रेव्हरनं तुकडा हातात घेतला, त्यावर अंगठा फिरवला. मग अगदी हळू, ट्रोमन्सलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत? तीन वर्षं, मिस्टर ट्रोमन्स. मी घरी जाऊन रडायचो. मला वाटायचं माझ्या हातांतच खोट आहे."

ट्रोमन्सला कुठं बघावं कळेना. "मला तरी कुणी सांगितलं होतं?" तो म्हणाला. पण हे उत्तर नाही हे त्यालाही कळत होतं, आणि मग त्यानं आयुष्यात दुसरी एक गोष्ट पहिल्यांदा केली. "चुकलं माझं, ट्रेव्हर," तो म्हणाला.

सर्टिफिकेट मिळालं. मधल्या तीन महिन्यांत ट्रोमन्सनं काय केलं नाही! दोन वह्या भरल्या. छिद्र पाडणं, धार लावणं, रेघा आखणं, सगळं पायरी पायरीनं लिहून काढलं. लीआला उभं करून तपासून घेतलं. "पोरांना आता चार महिने नाही लागणार," तो तिला म्हणाला. "सहा आठवडे पुरतील." तो इतकं बोलायला लागला, की लीआ म्हणाली, जुना नवरा बरा होता, निदान झोपू तरी द्यायचा.

ऑगस्टाच्या सुट्ट्या संपवून तो सप्टेंबरात कामावर आला तर बाक जागेवर नव्हता.

उत्तरेच्या खिडकीखाली काचेची एक नवी खोली उभी होती. आत टेबल, फायलींचं कपाट, टेलिफोन. दारावर पाटी: प्रशिक्षण अधिकारी, एच. ट्रोमन्स.

ब्लूमर हात चोळत आला. "कशी वाटली? सगळ्यांत चांगल्या उजेडाची जागा तुला दिली! तुझ्या सर्टिफिकेटवर आपल्याला पूर्ण अनुदान मंजूर झालंय, हूबर्ट. पूर्ण! या खोलीच्या खर्चासकट."

"आणि पोरगा?"

"मिळाला की. हुशार आहे. पहिलं वर्ष तो मोटार कारखान्याच्या केंद्रात असेल, मंडळाचा नियमच आहे तसा. पाया तिथं पक्का करतात. ते दर आठवड्याला कागद पाठवतील, तू तपासायचे आणि सही करायची."

"आणि वर्षानं?"

"वर्षानं येईल," ब्लूमर म्हणाला. मग प्रामाणिक माणूस असल्यामुळं त्यानं भर घातली, "त्यांनी ठेवून नाही घेतला तर."

ट्रोमन्स आत जाऊन खुर्चीवर बसला. टेबलावर पहिला कागद आलेला होताच. कागद सुबक होता. पोराचं नाव वरती टाइप केलेलं, खाली रकाने, शेवटी शाबासकीचासुद्धा एक रकाना, आणि त्यात कुणीतरी आधीच खूण करून ठेवलेली. त्यानं सही केली. सव्वाआठ वाजले होते. पाच वाजेपर्यंत करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

दहाच्या चहाला तो बाहेर आला. एझ्रा फेलोज लेथपाशी उभ्याउभ्या एका पिनेची कड कानशीनं मारत होता, एका हातात चहाचा मग धरून.

"एझ्रा, कानस तशी नाही धरायची," ट्रोमन्स म्हणाला. "तो चहाचा मग ठेव खाली. इकडं बघ. सुरुवातीला जोर डाव्या हातावर द्यायचा—"

एझ्रानं त्याच्याकडं बघितलं. आधी त्याला वाटलं थट्टा आहे. मग त्यानं ट्रोमन्सचा चेहरा नीट पाहिला.

"हूबर्ट, अरे मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. दीड वर्षानं घरी बसणार."

"ठाऊक आहे मला," ट्रोमन्स म्हणाला. "तरी पण ऐक ना."

एझ्रानं चहाचा मग खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी कानस धरली.